आधी निदान, मग औषध

भाजीपाल्याची शेती ही उतावळी शेती आहे. ज्वारी-बाजरीचे कणीस चार दिवस अधिक शेतात उभे राहिले, तरी फारसे बिघडत नाही. परंतु तोडणीला आलेला टोमॅटो किंवा कोवळी भेंडी कोणासाठी थांबत नाही. या शेतीला भांडवल अधिक लागते, मजूर अधिक लागतात, आणि निर्णयाला मिळणारा अवधी मात्र फार थोडा असतो. सकाळी पानावर डाग दिसला, की सायंकाळपर्यंत काही ना काही ठरवावे लागते. भारतात आज वर्षाला २० कोटी टनांहून अधिक भाजीपाला पिकतो, आणि या उत्पादनात चीनच्या खालोखाल आपल्याच देशाचा क्रमांक लागतो. हे प्रचंड उत्पादन अशा असंख्य घाईच्या निर्णयांवर उभे आहे.

हे निर्णय घेताना शेतकऱ्याच्या तोंडी जो शब्द सर्वांत अधिक येतो, तो ‘औषध’ हा होय. कीड मारणारे द्रव्यही औषध, बुरशी रोखणारे द्रव्यही औषध, आणि झाडाची वाढ जोमाने व्हावी म्हणून फवारलेले द्रव्यही औषधच. माणसाच्या औषधाविषयी बोलताना वैद्य, नाडीपरीक्षा, रोगाचे निदान या गोष्टी आपण गृहीत धरतो. झाडाच्या बाबतीत मात्र बाटली आधी येते आणि रोगाचे नाव मागाहून येते; पुष्कळदा ते येतच नाही.

भाजीपाला-उत्पादकाला शास्त्राने द्यावयाची पहिली वस्तू निदान ही आहे, आणि ते निदान त्याच्या भाषेत, त्याच्या गावाजवळ व त्याच्या घाईच्या वेळी मिळाले पाहिजे, असे आमचे मत आहे. संशोधन प्रयोगशाळेत पूर्ण होते, ही समजूत आता सोडून द्यावयास हवी. जे संशोधन वाफ्यापर्यंत पोहोचले नाही, ते अर्धेच झाले असे मानले पाहिजे.

एक नाव, अनेक शत्रू

मिरचीचे उदाहरण घ्या. मिरचीची पाने आकसून वाकडी होऊ लागली, की शेतकरी म्हणतो, ‘चुरडा-मुरडा आला’. काही भागांत यालाच ‘बोकड्या’ म्हणतात. हा शब्द नेमका आणि चित्रमय आहे. पान कसे दिसते ते त्यात हुबेहूब उतरले आहे. परंतु पान चुरडण्याची कारणे एकाहून अधिक आहेत. फुलकिड्यांनी पानातील रस शोषला, तर पानाच्या कडा बहुधा वरच्या बाजूला वळतात आणि पान होडीसारखे दिसते. कोळी या अतिसूक्ष्म अष्टपाद जीवाचा उपद्रव असेल, तर कडा बहुधा खाली वळतात. आणि पांढऱ्या माशीने आणलेल्या विषाणूचा संसर्ग असेल, तर पाने लहान होतात, गुंतवळ्यासारखी एकत्र येतात व झाड खुजे राहते. फुलकिडे हा कीटक आहे, कोळी हा कीटक नाही, आणि विषाणू तर या दोहोंहून सर्वस्वी निराळी वस्तू आहे. कीटकांवर चालणारी कित्येक द्रव्ये कोळ्यांवर चालत नाहीत. उलट ती कोळ्यांना खाणारे उपकारक जीव मारून कोळ्यांचा उपद्रव वाढवितात. एकाच नावाखाली तीन कारणे लपली, म्हणजे तीन फवारण्यांपैकी दोन वाया जाणे ओघानेच आले.

काकडी-दोडक्याच्या वेलावर याच्या उलट स्थिती आढळते. तेथे आपल्या भाषेने दोन रोगांना दोन नावे फार पूर्वीच देऊन ठेवली आहेत. पानावर पिठासारखा पांढरा थर दिसतो ती ‘भुरी’, आणि पानाच्या वरच्या बाजूस शिरांमध्ये कोंडलेले पिवळे कोनाकृती डाग व खालच्या बाजूस करडी वाढ दिसते तो ‘केवडा’. दोन्ही रोग सूक्ष्मजीवांचे, तरी त्यांचे उपाय भिन्न आहेत. गंधक भुरीवर गुण देते. केवड्यावर देत नाही. ज्याने पान उलटून पाहिले, त्याचा पैसा वाचला. शेतकऱ्याचे शब्द अज्ञानाचे असतात, असे म्हणणाऱ्यांनी ही दोन नावे ध्यानात घ्यावीत. या शब्दांच्या मागे पिढ्यांचे निरीक्षण आहे. जेथे डोळ्यांना भेद दिसला, तेथे भाषेने भेद केला. जेथे भेद सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो, तेथे भाषा थांबली. तेथून पुढे चालण्याचे काम शास्त्राचे आहे.

टोमॅटो-वांग्याच्या ‘मर’ रोगाविषयीही असेच म्हणता येईल. हिरवेगार झाड एकाएकी कोमेजून मरते, म्हणून ‘मर’. तो बुरशीमुळे आला की जिवाणूमुळे, हे नावावरून कळत नाही. परंतु ते पाहण्याची एक साधी रीत आहे. मेलेल्या झाडाच्या बुडखाजवळील खोडाचा बोटभर लांबीचा ताजा तुकडा कापावा आणि त्याचे एक टोक काचेच्या पेल्यातील स्वच्छ पाण्यात टेकवून काही मिनिटे स्तब्ध धरावे. तुकड्यातून दुधासारखी पांढुरकी धार पाण्यात उतरू लागली, तर मर जिवाणूजन्य आहे असे समजावे. असे निघाल्यास बुरशीनाशक ओतणे व्यर्थ होय. पाण्याचा निचरा, पिकाचा फेरपालट आणि प्रतिकारक वाण हेच खरे उपाय. या परीक्षेला एक पेला, एक चाकू आणि पाच मिनिटांचा वेळ एवढेच साहित्य लागते. असे असूनही ही रीत किती बागांत माहीत आहे, याचा विचार केला म्हणजे मन खिन्न होते.

सन २०२० चा धडा

निदानाला उशीर झाला म्हणजे काय होते, याचे ताजे उदाहरण महाराष्ट्रातच घडले. २०२० सालच्या उन्हाळ्यात अहमदनगर (आताचा अहिल्यानगर), पुणे आदी जिल्ह्यांत टोमॅटोची फळे एकसारखी लाल होईनात. एकाच फळावर हिरवट, पिवळे व लालसर पट्टे दिसू लागले. शेतकऱ्यांनी त्याला ‘तिरंगा’ असे नाव दिले. तो काळ करोनाच्या टाळेबंदीचा होता. बाजार अडखळत होते, आणि ‘व्हायरस’ हा शब्द ऐकताच माणसे दचकत होती. टोमॅटोवरचा व्हायरस माणसालाही बाधतो की काय, अशी शंका पसरली आणि विक्रीला आणखी धक्का बसला. वस्तुतः वनस्पतींचे विषाणू माणसाला रोग देत नाहीत. ही साधी गोष्ट लोकांना तत्काळ व अधिकारवाणीने सांगणारे कोणी जवळ नव्हते.

रोगाचे नमुने शेकडो किलोमीटर दूर, बंगळूरच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेकडे गेले. तेथील तपासणीत काकडीच्या मोझॅक विषाणूसह एकाहून अधिक विषाणू आढळले. संस्थेने आपले काम चोख केले. परंतु नमुना शेतातून निघून निष्कर्ष शेतात परत येईपर्यंत उन्हाळी टोमॅटोचा हंगाम हातचा जात होता. मधल्या काळात शेतकरी काय करणार? तो फवारणी करीत राहिला. ती निष्फळ का होती, हे समजून घेणे उद्बोधक आहे.

काकडीचा मोझॅक विषाणू प्रथम १९१६ साली अमेरिकेत काकडीवर वर्णिला गेला, म्हणून त्याला हे नाव पडले. पण हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींत तो राहू शकतो. त्याचा प्रसार मावा करतो. रोगट झाडावर मावा क्षणभर टोचला, की विषाणू त्याच्या सोंडेला चिकटतो. पुढच्या झाडावर तो टोचला, की क्षणार्धात तेथे उतरतो. हा सारा व्यवहार काही सेकंदांचा किंवा मिनिटांचा असतो. एवढ्या वेळात कोणतेही कीटकनाशक उडत आलेल्या माव्याला मारू शकत नाही. मावा मरण्यापूर्वी आपले काम उरकून टाकतो. आणि विषाणू एकदा झाडात शिरल्यावर त्या झाडाला रोगमुक्त करील असे फवारणीचे द्रव्य शेतकऱ्याच्या हाती आज तरी नाही.

उलट, टोमॅटोचा पर्णगुच्छ म्हणून जो विषाणूजन्य रोग प्रसिद्ध आहे, त्याचा वाहक पांढरी माशी. ती रोगट झाडाचा रस बराच वेळ शोषते, विषाणू तिच्या शरीरात फिरतो, आणि कित्येक तासांनंतर ती रोग देण्यास समर्थ होते. एकदा समर्थ झाली, की पुष्कळ दिवस रोग देत राहते. येथे रोपवाटिका इंचाला ४० ते ५० छिद्रांच्या जाळीत ठेवणे व कोवळ्या वयात माशीला आवर घालणे यांचा खरोखर उपयोग होतो. तिसरा एक विषाणू फुलकिडे वाहून नेतात. चौथ्या प्रकारच्या विषाणूंना कीटकाची गरजच नसते. ते रोप हाताळणाऱ्या माणसाच्या बोटांवरून व हत्यारांवरून पसरतात, आणि त्यांच्यावर साबणाने हात धुणे हा फवारणीहून अधिक गुणकारी उपाय ठरतो.

‘व्हायरस आला’ या दोन शब्दांत इतक्या भिन्न गोष्टी दडलेल्या असतात. बियाण्याच्या पुडीवर ‘व्हायरस-प्रतिकारक’ असे छापलेले असते, तेव्हा कोणत्या विषाणूला प्रतिकारक, हा प्रश्न विचारावयाचा असतो. बंगळूरच्या त्याच संस्थेने काढलेले ‘अर्का रक्षक’ हे टोमॅटोचे संकरित वाण पर्णगुच्छ, जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा या तीन रोगांना तोंड देते. हे मोठेच यश आहे. परंतु पर्णगुच्छाला दाद न देणारे झाड काकडीच्या मोझॅकलाही दाद देणार नाही, असे त्यावरून ठरत नाही. शेतकऱ्याने पुडीवरचा तेवढा एक शब्द वाचून सर्व विषाणूंपासून अभय मिळाले असे मानले, तर दोष त्याचा नव्हे; अपुऱ्या शब्दाचा आहे.

बटाट्याच्या बेण्याची कथा

शास्त्राने शेतकऱ्याला काय द्यावे, याचा उत्तम आदर्श आपल्याच देशात, आणि याच माव्याच्या संदर्भात, घडलेला आहे. बटाटा हे आपल्या देशातील सर्वांत मोठे भाजीचे पीक. तो कंदापासून लावतात, त्यामुळे बेण्यात शिरलेला विषाणू पिढ्यान्‌पिढ्या उतरतो आणि पीक क्षीण होत जाते. निरोगी बेणे थंड डोंगराळ भागातच तयार होऊ शकते, कारण तेथे मावा कमी असतो, अशी पूर्वी समजूत होती. परंतु डोंगरातील बटाटा शरद ऋतूच्या सुमारास निघतो आणि त्या वेळी तो सुप्तावस्थेत असतो. मैदानी प्रदेशात लगेच लावावा, तर त्याला वेळेवर कोंब येत नाहीत. अशी ही कोंडी होती.

१९४९ साली पाटण्यास स्थापन झालेल्या आणि १९५६ साली सिमल्यास मुख्य ठाणे हलविलेल्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने ही कोंडी फोडली. पुष्करनाथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तरेच्या मैदानांत महिनोन्‌महिने मावा मोजला. तेव्हा असे दिसले, की ऑक्टोबरपासून डिसेंबरअखेरपर्यंत तेथे मावा जवळजवळ नसतो किंवा फारच थोडा असतो. मग युक्ती सरळ होती. निरोगी बेणे ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लावावे, रोगट झाडे दिसताच उपटून टाकावीत, आणि माव्याची संख्या शंभर संयुक्त पानांमागे वीसपर्यंत जाण्याच्या आत, म्हणजे बहुधा डिसेंबरअखेर किंवा जानेवारीच्या आरंभी, झाडांचा पाला कापून टाकावा. कंद जमिनीत पक्व होतात, पुढे शीतगृहात राहतात, आणि पुढच्या हंगामात शुद्ध बेणे म्हणून उपयोगी पडतात. ही पद्धत ‘बेणे-प्लॉट तंत्र’ या नावाने ओळखली जाते.

या शोधातून शेतकऱ्याच्या हाती आला तो एक दिनांक, एक मोजमाप आणि एक कृती. बाटली नव्हे, पंचांग! त्यामुळे पंजाब व उत्तर प्रदेशाची मैदाने बेण्याची कोठारे बनली. पुणे जिल्ह्यातील मंचर-खेड भागात खरिपाचा बटाटा लावणारा शेतकरी पंजाबातून येणाऱ्या बेण्याची वाट पाहतो, त्याच्या मुळाशी माव्याची ही मोजणी आहे. १९४९–५० साली देशात सुमारे १५ लाख टन बटाटा पिकत होता. आज ५ कोटी टनांहून अधिक पिकतो. या वाढीत नवी वाणे, पाणी, खते व शीतगृहे यांचाही मोठा वाटा आहे. तरी निरोगी बेण्यावाचून हा डोलारा उभा राहिला नसता.

यातून घ्यावयाचा बोध असा, की उत्तम संशोधन शेतकऱ्याला समजेल अशा एका वाक्यात सांगता येते. ‘मावा वाढण्यापूर्वी पाला कापा’ हे असे वाक्य आहे. त्यामागे वर्षानुवर्षांची मोजणी असेल. पण शेतकऱ्याच्या हाती येते ते वाक्य.

ज्ञान आहे, पण कोठे आहे?

आपल्याकडे संशोधनाची वाण आहे, असे कोणी म्हणू नये. वाराणसीस भाजीपाल्याची स्वतंत्र राष्ट्रीय संस्था आहे. पुण्याजवळ राजगुरुनगरास कांदा-लसणाची आहे. सिमला व बंगळूरचा उल्लेख वर आलाच. राज्याराज्यांत कृषी विद्यापीठे आहेत. १९७४ साली पुदुच्चेरीस पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले. आज देशात त्यांची संख्या सातशेहून अधिक आहे. २००४ पासून दूरध्वनीवरून सल्ला देणारी किसान कॉल सेंटरे चालू आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘कृषिदर्शनी’ मराठी शेतकऱ्याच्या परिचयाची आहे.

असे असूनही, पानावर डाग दिसल्या दिवशी शेतकरी जातो तो गावाच्या नाक्यावरील कृषी सेवा केंद्रात. तेथील दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. तो जवळ असतो, त्याचे दुकान सायंकाळीही उघडे असते, तो उधारी देतो आणि शेतकऱ्याच्या भाषेत बोलतो. या चारही बाबतींत शास्त्र त्याच्या मागे आहे. परंतु त्याचा चरितार्थ विक्रीवर चालतो. ‘येथे काही फवारू नका, रोगट झाडे उपटा आणि पुढच्या खेपेला कडेने मका लावा’ हा सल्ला देऊन त्याची एकही बाटली खपत नाही. वस्तुतः कडेच्या मक्याचा सल्ला काकडीच्या मोझॅकसारख्या रोगावर फार मोलाचा आहे. बाहेरून येणारा मावा प्रथम मक्यावर बसतो, तेथे टोचून पाहतो, आणि सोंडेवरचा विषाणू तेथेच पुसला जातो. जो सल्ला कोणाच्याच नफ्याचा नाही, तो देण्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थांनीच उचलली पाहिजे.

चुकीच्या फवारणीची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही. कीटकनाशकाच्या डब्यावर एक चौकोन छापलेला असतो. त्याच्या खालच्या त्रिकोणाचा रंग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो, आणि याच क्रमाने विषारीपणा उतरत जातो. डब्यासोबतच्या पत्रकात पीक, कीड, मात्रा आणि फवारणी व तोडणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवावे, हे सांगितलेले असते. पण हे पत्रक बहुधा इतक्या बारीक अक्षरांत व इतक्या अवघड भाषेत असते, की ते डब्याबरोबरच फेकले जाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करणाऱ्यांना विषबाधा होऊन अनेकांचे प्राण गेले. ते पीक भाजीचे नव्हते. तथापि भाजीच्या मळ्यात फवारणी अधिक वेळा होते आणि तोडणी दर दोन-तीन दिवसांनी होते, हे ध्यानात घेतले म्हणजे न वाचलेले पत्रक किती महाग पडू शकते, ते उमगते. त्याची झळ फवारणाऱ्याला लागते, तशीच ती भाजी खाणाऱ्यालाही लागते.

दोन आक्षेप

यावर कोणी म्हणेल, की आता प्रत्येकाच्या खिशात भ्रमणध्वनी आहे. पानाचे छायाचित्र पाठविले, की उत्तर मिळते. २०२४ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणाली सुरू केली, तीत छायाचित्रावरून कीड ओळखण्याची सोय आहे. हे सर्व स्वागतार्ह आहे. अळी, मावा, भुरी यांसारख्या डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींसाठी छायाचित्र पुरेसे होईल. परंतु एकाच फळात दोन-तीन विषाणू एकत्र नांदत असतील, तर त्यांचा भेद छायाचित्र करू शकत नाही. तेथे पानाचा रसच तपासला पाहिजे. शिवाय ओळख पटल्यावर पुढे काय करावयाचे, हे सांगणारा मजकूर शेतकऱ्याच्या भाषेत नसेल, तर ओळख पटूनही हात रिकामेच राहतात.

दुसरा आक्षेप शास्त्रज्ञांकडून येतो. संशोधन करणे हे आमचे काम. भाषांतर करणे दुसऱ्यांचे, असे ते म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. भाषांतर मागाहून चिकटविले, म्हणजे त्यातून ‘रसशोषक किडींच्या व्यवस्थापनार्थ एकात्मिक उपाययोजना अवलंबावी’ अशी वाक्ये जन्माला येतात. व्याकरण शुद्ध असते. परंतु ते वाचून मळ्यात जाऊन काय करावे, हे कोणालाही सांगता येणार नाही. ज्या शास्त्रज्ञाने मावा मोजला, त्याने भाषांतरकाराशेजारी बसले पाहिजे, आणि त्या दोघांनी मिळून शेतकऱ्यासमोर बसले पाहिजे. ‘चुरडा-मुरडा’ हा शब्द टाकून देऊन संस्कृत शब्द घडविण्याचे कारण नाही. ‘फुलकिड्यांचा चुरडा’, ‘कोळ्यांचा चुरडा’ आणि ‘विषाणूचा चुरडा’ असे तीन भेद केले, की काम होते.

काय करता येईल?

आमच्या सूचना चार आहेत, आणि त्यांपैकी एकीलाही मोठ्या यंत्रसामग्रीची गरज नाही.

पहिली सूचना अशी, की भाजीपाल्यावरील सार्वजनिक खर्चाने झालेले कोणतेही संशोधन, ज्या प्रदेशांत ते पीक होते तेथील भाषांत त्याचे एक पानी पत्रक निघेपर्यंत पूर्ण झाले असे धरू नये. पत्रकाचा खर्च संशोधनाच्या खर्चातच आरंभापासून समाविष्ट असावा.

दुसरी सूचना निदानाच्या मेजाची. भाजीच्या मोठ्या बाजारपेठांत, बाजाराच्या दिवशी, एक जाणता मनुष्य भिंग, सूक्ष्मदर्शक व काही साध्या परीक्षांचे साहित्य घेऊन बसावा. काही विषाणूंसाठी पानाचा रस टाकताच थोड्या मिनिटांत निकाल दाखविणाऱ्या पट्ट्या आता निघाल्या आहेत. २०११ पासून ‘प्लांटवाइज’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने अनेक देशांत असे वनस्पति-दवाखाने चालविले, आणि तमिळनाडूतही ते चालले. शेतकरी माल घेऊन बाजारात येतोच. सोबत रोगट पानही आणील.

तिसरी सूचना वार्षिक पुस्तिकेची. अमेरिकेतील अनेक राज्यांची विद्यापीठे व्यापारी भाजीपाला-उत्पादकांसाठी दरवर्षी सुधारलेली मार्गदर्शिका काढतात; जुनी शिफारस रद्द झाली, नवी आली, हे तीत नमूद असते. आपल्या प्रत्येक भाषेत अशी पुस्तिका निघावी. तिच्या आरंभी रोगांच्या स्थानिक नावांचा कोश असावा, आणि प्रत्येक पिकाच्या अखेरीस ‘येथे फवारणी करू नये’ या मथळ्याचे एक पान असावे. त्या एका पानाने वाचणारा पैसा पुस्तिकेच्या छपाईहून कितीतरी अधिक भरेल.

चौथी सूचना उलट्या दिशेच्या प्रवासाची आहे. शेतकऱ्याने पाहिलेली गोष्ट संस्थेपर्यंत जाण्याची वाट असावी. २०२० साली फळांचे पट्टे प्रथम पाहिले ते शेतकऱ्यांनीच. पहिल्या दहा बागांतील सूचना पहिल्या आठवड्यात नोंदली जाईल, अशी व्यवस्था असती, तर निदानही लवकर हाती येते.

शाळा व ग्रंथालये यांचे काम

ही पुस्तिका शाळांत व सार्वजनिक ग्रंथालयांत वाचली जाते, म्हणून त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिणे उचित होईल. ज्या गावात भाजीपाला पिकतो, तेथील शाळेत दहा पट मोठे दाखविणारे एक भिंग असले, तर मुले मावा, फुलकिडे व कोळी यांतील फरक एका तासात शिकतील. पान उलटून पाहण्याची सवय, खोडाचा तुकडा पाण्यात धरण्याची परीक्षा, पिवळ्या चिकट कागदावर अडकलेल्या माश्यांची आठवड्याची मोजणी, ही सारी शास्त्राचीच कामे आहेत. आणि उत्तरेच्या मैदानांत बटाट्याचा प्रश्न सुटला तो अशाच मोजणीने. खरी कीटकनाशके मुलांच्या हाती मात्र कदापि देऊ नयेत. डब्यावरील रंगांचा अर्थ त्यांना चित्रावरून शिकवावा.

ग्रंथालयांनी आपल्या विभागातील कृषी विद्यापीठाची चालू वर्षाची पुस्तिका मागवून ती कपाटात न ठेवता मेजावर ठेवावी, आणि जुनी झालेली प्रत काढून टाकावी. कथा-कादंबरीची जुनी प्रत चालते; औषधाच्या शिफारशीची चालत नाही, कारण तीत सांगितलेले द्रव्य मधल्या काळात बंदही झालेले असू शकते. जवळच्या कृषी विज्ञान केंद्राचा पत्ता व तेथे नमुना कसा न्यावा, याची सूचना ग्रंथालयाच्या फलकावर मोठ्या अक्षरांत लावावी. रोगट पान कागदात गुंडाळावे, रोगाची सुरुवात झालेले व निरोगी अशी दोन्ही पाने सोबत घ्यावीत, आणि आधी काय फवारले ते कागदावर लिहून न्यावे, एवढे तरी त्या फलकावर असावे.

भाजीपाला-उत्पादक हा देशातील अत्यंत चौकस शेतकरी आहे. नवे वाण, ठिबक सिंचन, आच्छादनाचा कागद या गोष्टी त्याने कोणी आग्रह करण्यापूर्वी उचलल्या. त्याला उपदेशाची गरज नाही. त्याच्या हातात जे पान आहे, त्याला काय झाले आहे, हे त्याला समजेल अशा शब्दांत व त्याच दिवशी सांगणारा कोणीतरी त्याला हवा आहे. एवढे झाले, तर औषध घ्यावे की न घ्यावे, हे ठरविण्यास तो पूर्ण समर्थ आहे.